तो बैल कोणाचा होता?

नीतिशास्त्र हा विषय आमच्या वेळी कॉलेजात होता. तो घेणारे फार थोडे असत आणि घेऊन सुधारलेले त्याहून थोडे. पण चांगलं काय आणि वाईट काय, हा प्रश्न जगात मनापासून कोणाला पडत असेल, तर तो पाच ते आठ या वयाच्या मुलांना. प्राध्यापकाला या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही तरी पगार चालू राहतो. मुलाचं तसं नसतं. कार्टून सुरू झालं की पहिल्या दोन मिनिटांत त्याला ठरवावं लागतं, आपण कोणाच्या बाजूचे. ते ठरलं की वरणभाताचे घास आपोआप आत जातात. नाही ठरलं तर घास गालात राहतो आणि प्रश्न तेवढा बाहेर येतो.

कार्टून काढणारे लोक समंजस असतात म्हणून बरं. दुष्ट कोण ते कळायला त्यांनी फार सोपं करून ठेवलेलं असतं. दुष्टाच्या भुवया तिरप्या, आवाज खर्जातला, आणि काही कारण नसताना तो आभाळाकडे बघून हसतो. प्रत्यक्ष आयुष्यात अशी सोय नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या भुवया अगदी सरळ आहेत आणि आवाज तर इतका मऊ की मेंटेनन्स वाढवल्याची बातमीसुद्धा अंगाई गायल्यासारखी वाटते.

कार्टूनच्या जगातली माझी ओळख तशी जुनी आहे. १९९३ साली दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ नावाची जपानी मालिका हिंदीतून लागायला लागली. रविवारी सकाळी आमचे चिरंजीव अंघोळीआधी तिच्यापुढे बसत आणि संपल्यावरही अंघोळीला जात नसत. एकूण प्रकार मोठा मजेचा होता. गोष्ट इंग्रज लेखकाची, जंगल मध्य प्रदेशातल्या शिवनीचं, चित्रं जपान्यांची, गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची आणि शेर खानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. एका चड्डीवर गुलजारांनी गाणं लिहिलं आणि ते देशभरातल्या पोरांनी म्हटलं. राष्ट्रीय एकात्मतेवर त्या काळी पुष्कळ भाषणं झाली, पण त्या चड्डीइतकं काम एकाही भाषणाने केलं नसेल.

आता त्याच चिरंजीवांचे चिरंजीव तीच मालिका बघतात. मोगली इतक्या वर्षांत एक दिवसाने मोठा झालेला नाही. म्हातारे झालो ते आम्ही. शेर खान तसाच गुरगुरतो, बगीरा तसाच शहाणपणाचं बोलतो, बल्लू तसाच डुलतो. आणि माझा नातू तसाच, अगदी ठामपणे, बगीराच्या बाजूचा असतो. निदान गेल्या दिवाळीपर्यंत होता.

दिवाळीत आम्ही सगळे माझ्या सासुरवाडीला होतो. सासुरवाडी जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून जवळच. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर शेजारच्या गावांना वाईट वाटेल, कारण बिबट्या त्यांच्याकडेही येतो आणि ते लोक म्हणतात, आमच्याकडे जास्त येतो. या मुलखाला अभिमानाच्या गोष्टींची तशी वाण नाही. शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे, नाणेघाट आहे. टोमॅटोचा बाजार आहे. खोडदला तर तीस प्रचंड दुर्बिणी आभाळाकडे कान लावून बसलेल्या आहेत. प्रत्येकीची तबकडी ४५ मीटर रुंद. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली, विश्वाच्या पार टोकाकडून आलेली कुजबूज त्यांना ऐकू येते. आमच्या मेव्हण्यांचं त्याबद्दल एकच म्हणणं असतं. “दाजी, तेवढ्या लांबचं ऐकू येतंय, मग इथं वीस पावलांवर उसात काय बसलंय, तेवढं का वो नाय ऐकू येत?”

याला विज्ञानाकडे उत्तर नाही.

त्या घरात संध्याकाळी सातनंतर पोरासोरांनी अंगणात जायचं नाही असा नियम आहे. आमच्या लहानपणी असले नियम बागुलबुवाच्या जिवावर चालत. इथला बागुलबुवा पंचनाम्यात असतो. तेव्हा सातला दार लागलं, नातू टीव्हीपुढे बसला, ताट पुढ्यात आलं आणि मोगली सुरू झाला. त्या भागात शेर खान मोगलीच्या मागावर होता आणि बगीरा त्याला वाचवत होता. सगळं शिस्तीत चाललेलं. इतक्यात मेव्हणे बॅटरी शोधत आत आले आणि पडद्यापुढे थबकले.

“हा कोण रे काळा?”

“मामाआजोबा, हा बगीरा! ब्लॅक पँथर.”

“म्हंजे काळा बिबट्या. आपलाच की!”

“आपला?”

“मागं उसात हाय ना, तोच. फक्त त्याच्या रंगाचं काम राह्यलंय.”

नातवाने घास गालात ढकलला. “तो पण बोलतो?”

“नाय बा. आमच्याकडला मुका. कुत्रं उचलतो आन जातो. वळून सुदिक बघत नाय.”

आणि मग तो प्रश्न आला. “मग तो चांगला का वाईट?”

शाळा-कॉलेज धरून आमच्या त्या खोलीत निदान पन्नास वर्षांचं शिक्षण बसलेलं होतं. पण उत्तर एक येईना. आमची ही माहेरची असली तरी तिला पुण्याला येऊन चाळीस वर्षं झाली आहेत. ती म्हणाली, “बाळ, प्राणी कधी वाईट नसतात.” वहिनी चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, “त्याला म्हणावं, ज्याची शेळी गेली त्याला इचार.” भाचा पतसंस्थेत आहे. तो म्हणाला, “दोन्ही बाजूंनी विचार केला पाहिजे.” पतसंस्थेतली माणसं कर्ज नाकारतानाही असंच म्हणतात. मी चष्मा पुसायला घेतला. मोठ्या माणसांच्या चष्म्यावर नेमकी अशाच वेळी धूळ बसते. मेव्हण्यांना तेवढी बॅटरी सापडली. जाता जाता ते म्हणाले, “दिसत नाय तवर चांगला.”

आणि ते बाहेर पडले. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीच्या पाळीला होती. हे लोक अनेक वर्षं दिवसाची वीज मागत आलेले आहेत. ती मिळाली तर पिकाला पाणी दिवसा देता येईल, एवढा साधा त्यांचा हिशेब. पण पाळी रात्रीची आली की रात्रीच जावं लागतं. एका हातात काठी, एका हातात बॅटरी आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने लावलेलं गाणं. गाणं करमणुकीसाठी नसतं. ‘माणूस येतोय, बाजूला हो’ असं बिबट्याला कळवायची ती रीत आहे. इकडे वहिनी भाकरी थापत होत्या. पण त्यांचं लक्ष तव्याकडे नव्हतं, खिडकीकडे होतं. गाणं लांब लांब जात होतं. ते ऐकू येतंय तोवर ठीक. मध्येच एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायला थोडा वेळ लागला, तेव्हा त्यांचा हात पिठातच थांबला.

टीव्हीवर बगीरा मोगलीला मायेने काहीतरी समजावून सांगत होता.

आता, हा उसातला बगीरा चांगला का वाईट, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. गुन्हा ठरवायला हेतू लागतो, असं कायदा म्हणतो. बिबट्याचा हेतू काय? पोट. हे शेळीचं दार आहे, हे सरकारी रान आहे, हा गट नंबर अमक्याच्या नावावर आहे, यातलं त्याला काहीच ठाऊक नाही. शिवाय ‘जंगल सोडून गावात का आलास’ असं त्याला विचारावं, तर तो म्हणेल, “कुठलं जंगल?” आणि ते खरं आहे. इथल्या कित्येक बिबट्यांचा जन्म उसात होतो. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातलं डिंभे. पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले. आडसाली ऊस दीड-दीड वर्ष उभा. आत गारवा, आडोसा, पाण्याचा पाट, कडेला कुत्री, डुकरं आणि शेळ्या. बिबट्याच्या बाईने बाळंतपणाला आणखी कुठे जावं? आपण साखर पेरली असं आपल्याला वाटतं. तिच्या दृष्टीने आपण जंगल पेरलं, तेही बारमाही बागायती.

ऊसतोडीच्या दिवसांत कधी कधी सरीत बछडे सापडतात. मांजराच्या पिलांएवढे, डोळे किलकिले केलेले. मग तोड थांबते. वनखात्याची माणसं येतात, माणिकडोहचे डॉक्टर येतात, बछडे तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून लांब जाऊन बसतात. रात्री आई येते, एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. ज्या शिवारात महिन्यापूर्वी शेळी गेली, त्याच शिवारातला माणूस त्या रात्री आवाज न करता गप्प राहतो. याला काय म्हणायचं ते नीतिशास्त्राच्या पुस्तकात मला सापडलं नाही. वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, “आई हाय ती बी.” आणि पुढच्याच वाक्यात, “पिंजरा लावा म्हणावं पण.”

पिंजऱ्याचीही एक गंमत आहे. माणसांच्या न्यायाचं तत्त्व असं सांगतात की शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये. बिबट्यांच्या बाबतीत पिंजऱ्याला एवढा वेळ नसतो. हल्ला झाला, लोक चिडले, पिंजरा आला, आतल्या कप्प्यात शेळी बांधली. त्या रात्री भूक लागलेला जो कोणी पहिला आत शिरेल, तो आरोपी. अलीकडे पायांचे ठसे बघतात, कॅमेरे लावतात, तपासण्या करतात. पण पूर्वापार पद्धत ही अशी. बिचाऱ्या शेळीला मात्र साक्षीदार म्हणून रात्रभर आत बसावं लागतं. एवढी जवळून साक्ष देणारा साक्षीदार आपल्या कोर्टांना कधी मिळाला नसेल.

पकडल्यावर काय करायचं, हा पुढचा प्रश्न. २००१ सालापासून दोन-तीन वर्षं जुन्नर वनविभागाने त्यावर एक उपाय मोठ्या प्रमाणावर केला. आपल्या सरकारी परंपरेला शोभणारा उपाय. बदली! इथे त्रास देतो काय, धरा आणि दुसऱ्या जंगलात नेऊन सोडा. बदलीने माणूस सुधारतो, असा सरकारचा विश्वास आहे. माणूस सुधारत नाही, हे सरकारी नोकरीत असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बिबट्यांचंही तेच झालं. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून तो २०११ साली प्रसिद्ध केला. बदल्यांच्या आधी या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. बदल्या सुरू झाल्यावर ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला, घर शोधत फिरणारा, घाबरलेला बिबट्या तो. आपल्या गावातला बिबट्या निदान आपली वेळ ओळखतो, आपण त्याची ओळखतो. परगावचा आला की दोघेही बिचकतात. म्हणून पुढे अनेकांची रवानगी माणिकडोहच्या निवारा केंद्रात झाली. तिथे जेवण वेळेवर, डॉक्टर दाराशी, आणि बहुतेकांची मुक्कामाची मुदत आयुष्यभर. निवृत्तीनंतर पुण्यात फ्लॅट घेऊन राहणाऱ्या आम्हा लोकांचंही याहून फारसं वेगळं नाही.

इथवर माझा विचार बऱ्यापैकी बिबट्याच्या बाजूने चालला होता. मग पुण्याला परत आल्यावर मी मूळ पुस्तक काढलं. किपलिंगचा जन्म १८६५ सालचा, मुंबईतला. पुस्तक १८९४ चं. मालिकेत गाणी, उड्या आणि मारामाऱ्या यांच्या गर्दीत जे हातातून निसटतं, ते पुस्तकात नीट सापडतं. जंगलाचा कायदा म्हणतो, माणसाला मारायचं नाही. का? प्राणी आपसात कारण सांगतात ते असं, की माणूस सगळ्यात दुबळा, त्याला मारण्यात मर्दुमकी नाही. आणि खरं कारण लेखकच सांगून टाकतो. माणूस मारला की आज ना उद्या हत्तींवर बसून, बंदुका घेऊन साहेब येतो, मागून मशाली आणि ढोल येतात आणि सगळ्या जंगलाला ते भोगावं लागतं. म्हणजे बोलायला एक नीती आणि आत भीती! आपल्या कितीतरी सद्गुणांचा हिशेब असाच निघेल. पण तो विषय निराळा.

मला अडवलं ते पुढच्या प्रसंगाने. लांडग्यांच्या सभेत उघडं पोर आणलेलं आहे. शेर खान म्हणतो, ते माझं. पोराच्या बाजूने बोलायला दोन मतं लागतात. एक बल्लूचं मिळतं. दुसऱ्या मतासाठी बगीरा उठतो, मोठं सुंदर भाषण करतो आणि पोराच्या बदल्यात कळपाला एक बैल देऊ करतो. लठ्ठ, नुकताच मारलेला, अर्ध्या मैलाच्या आत पडलेला. लांडगे खूश होतात, पोर वाचतं, गोष्ट पुढे जाते. जगभरातल्या मुलांनी सव्वाशे वर्षं इथे समाधानाचा निःश्वास सोडलेला आहे.

मी मात्र निःश्वास अर्धा सोडून थांबलो. सासुरवाडी शेतकऱ्याची असली की वाचनात असे अडथळे येतात. मला वाटलं, अहो, पण तो बैल कोणाचा होता?

बैल काही जंगलात उगवत नाही. बैलाला गोठा असतो, दावण असते, गळ्यात घुंगरू असतं, पोळ्याला त्याची शिंगं रंगतात. त्या रात्री त्या जंगलाच्या कडेला कोणीतरी कंदील घेऊन हाका मारत हिंडला असेल. सकाळी त्याने ओढत नेल्याच्या खुणा बघितल्या असतील. पेरणी तोंडावर आली असेल तर एका बैलाचं काय करायचं, म्हणून तो बांधावर डोक्याला हात लावून बसला असेल. पण त्याचं नाव त्या गोष्टीत नाही. त्याची चौकशी सभेत कोणी करत नाही. मोगलीचे प्राण वाचवल्याचं पुण्य बगीराच्या खात्यावर जमा, आणि नावे टाकलं ते अशा माणसाच्या, ज्याला असं काही खातं उघडल्याचंच ठाऊक नाही.

आपल्याकडे याला म्हण आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

ही म्हण डोक्यात आली आणि मला बिबट्यावरच्या सगळ्या चर्चांचा अर्थ लागायला लागला. पुण्याहून नारायणगाव पाऊणशे किलोमीटर. आमच्या सोसायटीत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना बिबट्याबद्दल कमालीचं प्रेम आहे. “त्यालाही जगायचा हक्क आहे,” असं ते कळवळून सांगतात, आणि खरंच सांगतात. चाकणला हे प्रेम थोडं कमी होत असावं. मंचरला पोचेपर्यंत त्याची काळजी होते, आणि उसाच्या बांधावर तिची काठी होते. दया ही अंतराच्या प्रमाणात वाढते, असा एखादा नियम न्यूटनच्या नजरेतून सुटला असावा. तो पुण्यात राहिला असता तर सापडला असता.

पण हसण्यावारी न्यावी अशी ही गोष्ट नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड आणि जांबूत या गावांच्या शिवारात, महिनाभराच्या आत दोन लहान मुलं आणि एक म्हातारी बाई बिबट्याने नेली. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवून धरला. शेवटी वनखात्याने बिबट्याला गोळी घातली. त्या दिवसांत शहरातून सल्ले आले, ‘सहजीवन शिका.’ शब्द चांगला आहे. पण ज्या घरातला चिमुकला सदरा दोरीवर वाळत राहिला, त्या घराला तो शिकवायला कोणाला जायचं आहे? सहजीवनाची फी त्या घराने एकरकमी भरलेली आहे. नुकसानभरपाई मिळते. शेळीचा दर वेगळा, गाईचा वेगळा, माणसाचा वेगळा. सरकारला दर ठरवावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण दर ठरला म्हणजे किंमत दिली गेली, असं मात्र नसतं.

मग काय, सगळे बिबटे मारायचे? तसंही नाही. ‘शोधा आणि संपवा’ म्हणणाऱ्यांच्या भाषणातही एक बैल दडलेला असतो, फक्त त्या खेपेला तो बिबट्याच्या गोठ्यातला असतो. धरण आपण बांधलं, ऊस आपण लावला, कचऱ्यावर कुत्री आपण पोसली, आणि बिल त्याच्या कातडीवर फाडायचं. सोपं करून सांगायचं तर, दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या मनाची थोरवी दुसऱ्याच्या खर्चाने सिद्ध करत असतात.

याच मुलखात याचं एक जुनं उत्तर आहे, आणि ते एकाच तिथीला दोन प्रकारांनी सापडतं. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो. गाय आणि वासरू पूजतो. त्याच दिवशी जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या महादेव कोळ्यांच्या गावांत वाघबारस असते. तिथे वाघोबाला पूजतात. त्याला नैवेद्य दाखवतात आणि मागणं मागतात, की बाबा, आमची गुरं सांभाळ. खाली गाईची पूजा, वर गाय खाणाऱ्याची. परदेशी पाहुण्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, तुमचं काहीतरी एक नक्की करा. पण मला त्यात फार मोठा शहाणपणा दिसतो. वाघोबाला हात जोडणारा माणूस वाघ चांगला की वाईट, या भानगडीत पडतच नाही. वाघ आहे, गुरं आहेत, रान एक आहे, तेव्हा व्यवहार करायला हवा, एवढंच त्याला कळतं. आणि मुख्य म्हणजे नैवेद्य तो आपल्या घरातून देतो. रान राखतो ते स्वतःची शेळी पणाला लावून. त्याची श्रद्धा कोणाला अडाणीपणाची वाटली तर वाटो. पण तिच्यात उधारी नाही.

आमच्या सहानुभूतीत तेवढीच एक उणीव आहे. ती उधारीवर चालते. बारकाईने पाहिलं तर आपण या हिशेबाच्या बाहेर मुळीच नाही. सकाळच्या चहात आपण जी साखर घालतो, ती अशाच कुठल्यातरी शिवारातून येते. म्हणजे प्रत्येक कपात अर्धा चमचा बिबट्या असतो. आणि त्याच्याही खाली आणखी कोणीतरी असतं. ज्या गावाच्या नावाने आंबेगाव तालुका ओळखला जातो, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला, आणि नाव बुडालेल्या गावाचं. पाणी खालच्या उसाला, घरं वरच्यांची. तिथेही सभेत भाषणं सुंदर झाली असतील. बैल कोणाचा, हे विचारायचं राहून गेलं.

म्हणून मी असं ठरवलं आहे की नातवाने पुन्हा विचारलं, तर ‘उसातला बगीरा चांगलाही नाही आणि वाईटही नाही’ असं सांगायचं. चांगलं-वाईट हा माणसांचा अभ्यासक्रम आहे. बिबट्याला त्यात बसवू नये, तो एकाही पेपरला हजर राहणार नाही. परीक्षा आपली. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला दिवसाची वीज मिळावी म्हणून आपल्या बिलात चार रुपये वाढले तर आपण काय म्हणतो? गेलेल्या शेळीचे पैसे पुढची शेळी म्हातारी व्हायच्या आत मिळावेत म्हणून कोणी कर मागितला तर आपण देतो का? गोठ्याला बंदिस्त जाळी, वस्तीवर दिवा, शाळेत जाणाऱ्या पोरांना गाडी, हे सगळं बिबट्यावरचंच प्रेम आहे. ते कवितेसारखं दिसत नाही, खर्चाच्या पावतीसारखं दिसतं, एवढंच.

मोगलीवरचं बगीराचं प्रेम खोटं होतं, असं माझं म्हणणं नाही. मला तो आवडतो, नातवालाही आवडतो, मेव्हण्यांनासुद्धा पडद्यावर आवडतो. दया करावी, अवश्य करावी. तिच्यावाचून जग चालायचं नाही. फक्त सभेत उठून बोलायच्या आधी एकदा आपल्या गोठ्यात डोकावून यावं, आणि जो बैल देऊ करतो आहोत तो आपल्याच दावणीचा आहे ना, तेवढं बघून घ्यावं.